पायांखालचें हिम



गेल्या नाताळच्या सुटींत आपल्या शाळेंतील एक विद्यार्थी उत्तराखंडांतील एक हिमाच्छादित शिखर चढावयास गेला होता. शाळा पुन्हां भरली तेव्हां तो परत आला, पण चेहरा उतरलेला घेऊन. शिखर अवघें दीड तासाच्या वाटेवर राहिलें असतां वाटाड्यानें सर्व तुकडीस माघारीं फिरविलें होतें. आकाश निरभ्र होतें, ऊन लख्ख पडलें होतें, सर्वांच्या पायांत बळ होतें, तरीही माघार! वर्गमित्रांनीं त्याची थट्टा आरंभिली, आणि एके दिवशीं फळ्यावर "उन्हाला भ्यालेला वीर" असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें मला आढळलें. तें मीं पुसून टाकलें. परंतु त्या मुलाच्या मनांतील शंका कांहीं पुसली गेली नाहीं. मधल्या सुटींत येऊन त्यानें मला विचारलें, "सर, आम्ही खरोखरच भ्यालों काय?"

मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. मीं स्वतः जन्मांत कधीं हिमावर पाऊल ठेविलेलें नाहीं. मग मीं कांहीं पुस्तकें चाळलीं, सैन्यांत असलेला आपला एक माजी विद्यार्थी रजेवर आला होता त्यास वर्गांत बोलावून बोलतें केलें, आणि त्या मुलाकडून त्या दिवसाची हकीकत पुन्हां तपशीलवार ऐकली. त्यांतून जें समजलें तें येथें मांडतों. कारण तो प्रश्न त्या एकट्याचा नाहीं. आपल्या भागांतील मुलें सैन्यांत भरती होऊन काश्मीर-लडाखच्या ठाण्यांवर जातात, आणि अलीकडे सुटींत हिवाळी गिरिभ्रमणासही जाऊं लागलीं आहेत. धानाच्या सपाट मुलुखांत वाढलेल्या मुलास हिमाची ओळख घरीं कोण करून देणार? ती शाळेनेंच करून दिली पाहिजे.

हिम, बर्फ आणि गार

रोजच्या बोलण्यांत आपण बर्फ हा एकच शब्द वापरतों. कारखान्यांतून गोणपाटांत गुंडाळून येणारी लादी, उन्हाळ्यांतील रंगीत गोळा आणि चित्रांत दिसणारें पांढरें शिखर, सर्व आपणांस बर्फच. परंतु येथें थोडा भेद करणें अवश्य आहे. पाणी गोठून जो कठीण पदार्थ होतो तो बर्फ. वादळी ढगांत पाण्याचे थेंब वाऱ्याबरोबर खालींवर फेकले जाऊन, थरावर थर गोठून जो गोळा बनतो ती गार. आणि ढगांतील वाफ पाणी न होतां एकदम गोठून जे सहा बाजूंचे नाजूक स्फटिक तयार होतात तें हिम. गार डोक्यावर बसली तर टेंगूळ येतें. हिम अंगावर पडलेलें कळतही नाहीं. नुकतें पडलेलें कोरडें हिम इतकें हलकें असतें कीं एक घनमीटर हिमाचें वजन ५० ते १०० किलोच भरतें. तेवढ्याच पाण्याचें वजन १,००० किलो असतें. म्हणजे त्या ढिगांत दहांतील नऊ भाग हवाच असते.

आमच्या सैनिक पाहुण्यास सातवींतील एका मुलीनें विचारलें, "दादा, हिम अंगावर पडलें कीं लागतें कां हो?" तो हंसून म्हणाला, "पडतांना लागत नाहीं, बाळ. पडून बसलेलें असतें, तें मारतें." सर्व विषयाचें मर्म या उत्तरांत आहे, आणि पुढें जें सांगावयाचें तें त्याचेंच स्पष्टीकरण होय.

हें हिम आणतें कोण? हिवाळ्यांत भूमध्य समुद्राच्या बाजूनें पूर्वेकडे सरकत येणारीं वादळें असतात. त्यांस हवामानशास्त्रज्ञ "पश्चिमी विक्षोभ" म्हणतात. इराण-अफगाणिस्तान ओलांडून तीं काश्मीर, हिमाचल व उत्तराखंड येथें पोहोंचतात आणि आपल्याजवळचें पाणी पर्वतांवर हिमरूपानें टाकतात. तीं पुढें सरकलीं कीं उत्तरेचे थंड वारे आपल्याकडे उतरतात व गोंदियाचा पारा ७-८ अंशांपर्यंत खालीं येतो. कधीं त्यांची गांठ बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या दमट वाऱ्यांशीं पडते, आणि मग आपल्या लाखोळी-हरभऱ्यावर गारांचा मारा होतो. म्हणून हिमालयांतील हिम ही अगदींच परकी गोष्ट आहे असें समजूं नका. ज्या वादळामुळें आपण शेकोटी पेटवितों, त्यानेंच चार दिवस आधीं तेथें उतारावर एक नवा थर घातलेला असतो.

थरांची रोजनिशी

डोंगरावरील हिम म्हणजे एकजिनसी ढीग नव्हे. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर बसतो, आणि दोन वृष्टींच्या मध्यें ऊन, वारा व थंडी त्या थरावर आपापली खूण ठेवून जातात. हिवाळाभराची ती एक रोजनिशीच असते. जाणते लोक उतारावर फावड्यानें खड्डा खणून त्याच्या उभ्या भिंतींत हे थर वाचतात. विहीर खणतांना आपण माती, मुरूम व खडक ओळखतों तसेंच. सर्व थर एकमेकांस घट्ट धरून असतील तर भय थोडें. परंतु एखाद्या बळकट थराच्या खालीं कच्चा थर दडलेला असेल, तर वरून कांहींही न दिसतां तो उतार घातकी झालेला असतो.

हा कच्चा थर दोन तऱ्हांनीं तयार होतो. पहिली तऱ्हा आपणांस ओळखीची वाटेल. मार्गशीर्ष-पौषांत, निरभ्र रात्रीं, आपल्या बांध्यांतील धसकटांवर दंव पडतें. तेथें थंडी कडक असल्यामुळें तेंच दंव हिमाच्या पृष्ठभागावर पिसांच्या आकारांत गोठतें. सकाळच्या उन्हांत तें हिऱ्यांप्रमाणें चकाकतें. परंतु त्यावर पुढची हिमवृष्टि झाली कीं तो सुंदर थर गाडला जातो, आणि आठवडेच्या आठवडे पत्त्यांच्या बंगल्यासारखा आंत उभा राहतो.

दुसरी तऱ्हा हिमाच्या पोटांत घडते. हिमाखालची जमीन ० अंशाच्या आसपास असते; वरचा पृष्ठभाग मात्र रात्रीं उणे १५ किंवा २० अंशांपर्यंत थंड होतो. हिमाचा थर पातळ असेल तर थोड्याशा जाडींत एवढा मोठा फरक पडतो, आणि खालची वाफ वर चढूं लागते. ती जातां जातां जुने कण झिजवते व नवे घडविते. हे नवे कण मोठे, कोरडे, धारदार कडांचे व एकमेकांस न चिकटणारे असतात. मुठींत घेतले तर खडीसाखरेच्या चुऱ्याप्रमाणें बोटांमधून गळतात. लडाख व काराकोरम यांसारख्या कोरड्या, अति थंड प्रदेशांत हा दोष विशेष आढळतो. पीर पंजालसारख्या रांगांत हिम जाड व ओलसर पडतें. तेथें मोठ्या वृष्टीच्या नुसत्या भारानेंच उतार सुटण्याचें भय अधिक.

फळीवरचा प्रयोग

आतां हिम सुटतें कसें तें पाहूं. धानाचा ढीग आपण सर्वांनीं पाहिला आहे. पोतीं ओतीत गेलें कीं ढिगाचा उतार एका मर्यादेपर्यंत वाढतो. मग एक दाणा घसरतो, तो दहांस नेतो, दहा शंभरांस. सुटें हिम असेंच एका बिंदूपासून निघून खालीं पसरत जातें. हा प्रकार बहुधा लहान असतो व त्यानें माणसें क्वचित् मरतात.

दुसरा प्रकार समजावा म्हणून मीं वर्गांत एक प्रयोग केला. चित्रकलेच्या फळीवर गोणपाट ताणून बसविला. त्यावर जाड साखरेचा पातळ थर पसरला आणि त्यावर तांदळाचें पीठ तीन बोटें जाड थापलें. साखर हा कच्चा थर, पीठ हा वरचा बळकट थर. मग फळी एका बाजूनें हळूहळू उचलली. पीठ बराच वेळ हललें नाहीं. मुलें कंटाळूं लागलीं. तेव्हां एका मुलीस वरून बोटानें हलकी टिचकी मारावयास सांगितलें. तों पिठाला वरच्या अंगास आडवी भेग पडली आणि अख्खी लादी एकदम खालीं आली. हिमाच्या उतारावर अशी लादी सुटते तेव्हां ती कधीं शंभर-दोनशें फूट रुंद, कधीं त्याहून मोठी असते. कांहीं क्षणांतच तिचा वेग ताशीं १०० किलोमीटरच्या घरांत जातो, आणि कोरड्या हिमाचा लोट हवेंत उसळला तर वेग ३०० किलोमीटरपर्यंतही जातो. यासच हिमस्खलन म्हणतात, आणि माणसें दगावतात तीं बहुतेक या लादीमुळें.

ती टिचकी विसरूं नका. आपली कल्पना अशी असते कीं हिमाचा कडा वर कोठेंतरी आपोआप तुटतो आणि खालून जाणाऱ्या दुर्दैवी माणसावर कोसळतो. तसें होत नाहीं असें नाहीं. परंतु पाश्चात्य देशांत गिरिभ्रमण व स्कीच्या अपघातांची जी छाननी झाली आहे तींत दिसून आलें कीं, बळी पडलेल्या दहांपैकीं सुमारे नऊ प्रसंगीं ती लादी त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भारानें सुटलेली होती. संकट वरून आलें नव्हतें. तें पायांखालीं होतें, आणि टिचकी त्यानेंच मारली होती.

कंपासपेटींतील दोन गुण्ये

प्रत्येक उतारावर हा धोका नसतो, आणि कोठें असतो तें मोजतां येतें. आपापली कंपासपेटी उघडून दोन्ही गुण्ये बाहेर काढा. एकाचा लहान कोन ३० अंशांचा, दुसऱ्याचा ४५ अंशांचा. लादीचीं बहुतेक हिमस्खलनें या दोन कोनांच्या मधल्या उतारांवर सुरू होतात. ३८ अंशांच्या आसपास सर्वांत अधिक. तीस अंशांहून सौम्य उतारावर हिम सहसा टिकून राहतें. फार उभ्या कड्यावर तें मुळीं सांचतच नाहीं, थोडें थोडें झडून जातें. म्हणजे जो उतार चढावयास व घसरावयास सर्वांत मौजेचा, तोच सर्वांत धोक्याचा. गिरिभ्रमणास जाणारे लोक याकरितां कोनमापक जवळ बाळगतात.

मात्र आपण उभे आहों ती जागा सपाट आहे, एवढ्यावरून निश्चिंत राहूं नये. वरच्या उतारावर सुटलेली लादी तळच्या मैदानावर दूरवर येऊन पसरते. म्हणून तंबू ठोकतांना प्रथम मान वर करून पाहावें. डोंगराच्या दाट झाडींत एखादा उभा पट्टा झाडांवांचून मोकळा दिसला, किंवा झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या तुटलेल्या दिसल्या, तर ती हिमाच्या येण्याजाण्याची नेहमींची वाट समजावी. अरुंद घळ ही आणखी वाईट. कारण तींत थोडें हिम आलें तरी तें खोल सांचतें आणि माणूस फार खालीं गाडला जातो.

निरभ्र दिवसाचा धोका

आतां त्या मुलाच्या तुकडीकडे वळूं. मीं त्यास विचारलें, "त्याआधीं हवा कशी होती?" तो म्हणाला कीं, दोन दिवस तंबूंतून बाहेर पडतां आलें नाहीं, एवढें हिम पडत होतें, तिसऱ्या रात्रीं हिम थांबलें, पण पश्चिमेचा वारा इतका कीं झोंप लागली नाहीं, सकाळीं मात्र सुंदर ऊन पडलें. "आणि वाटाड्या थांबला तो उतार कोणत्या दिशेकडचा?" थोडा विचार करून तो म्हणाला, "सकाळचें ऊन समोरून येत होतें, म्हणजे पूर्वेकडचा."

येथें कोडें उलगडूं लागतें. हिमस्खलनांचा मोठा भाग हिमवृष्टि चालू असतांना किंवा ती संपल्यावर एक-दोन दिवसांच्या आंत घडतो. कारण नवा भार पडलेला असतो आणि थरांस एकमेकांशीं जुळावयास वेळ मिळालेला नसतो. चोवीस तासांत एक फूट किंवा अधिक नवें हिम पडलें तर जाणता माणूस सावध होतो. वाऱ्याचें काम त्याहून धोक्याचें. आपल्याकडे मळणीच्या वेळीं उपणतांना वारा भुसा उडवून खळ्याच्या पलीकडे टाकतो. त्याचप्रमाणें डोंगराच्या एका अंगावरचें हिम उचलून वारा तें धारेपलीकडच्या आडोशाच्या अंगावर नेऊन टाकतो. आकाशांतून पडेल त्याच्या दहापट वेगानेंही हें हिम सांचूं शकतें, आणि वाऱ्यानें कुटलेलें असल्यामुळें त्याची घट्ट लादी बनते. धारेवर त्याचे छज्जे लोंबतात, तेही मोडून पडतात. वारा पश्चिमेचा होता. उतार पूर्वेचा होता. रात्रभर त्याच उतारावर ओझें लादलें जात होतें, आणि सकाळचें ऊन तें झांकून टाकीत होतें.

उन्हाचाही स्वतंत्र दोष आहे. एकाएकीं उष्मा वाढला कीं लादी सैल होते, आणि वसंत ऋतूंत दुपारीं हिम वितळून पाणी आंत झिरपलें कीं ओलें, जड हिमस्खलन होतें. म्हणून त्या दिवसांत अंधारांत निघून दुपारच्या आंत उतार सोडण्याचा नियम आहे.

मीं शेवटीं विचारलें, "वाटाड्यानें थांबण्यापूर्वीं कांहीं ऐकूं आलें काय?" मुलगा चपापला. "होय सर, पायांखालीं 'धप्प' असा आवाज झाला, जणूं मोठा गालिचा कोणी जमिनीवर टाकला. आणि वाटाड्याच्या काठीपासून हिमाला एक लांब भेग गेली. आम्हांला त्याची गंमत वाटली." ती गंमत नव्हती. तो आवाज म्हणजे आंतील कच्चा थर खचल्याचा. तेथील उतार सौम्य होता म्हणून लादी घसरली नाहीं. पुढचा उतार तसा नव्हता. आसपास ताजें हिमस्खलन झालेलें दिसणें, असा आवाज होणें आणि पायांपासून भेगा पळणें, या तीन खुणांनीं डोंगर स्वतःच सांगत असतो कीं पुढें येऊं नका.

ज्यांच्यावर कोसळलें

हा विषय आपल्यापासून दूर नाहीं. २५ जानेवारी २०१७ रोजीं काश्मीरच्या गुरेझ भागांत हिमस्खलनांत १४ जवान मृत्यु पावले. त्यांत महाराष्ट्राचे तरुण होते, आपल्या विदर्भांतील अकोला जिल्ह्याचेही होते. त्याच्या आदल्या वर्षीं, ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं, सियाचीन हिमनदीवर सुमारे १९,६०० फूट उंचीवरील ठाणें गाडलें जाऊन १० जवान त्याखालीं सांपडले; त्यांतील एक साताऱ्याच्या माण तालुक्याचा होता. सहाव्या दिवशीं लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सांपडले आणि सारा देश त्यांच्यासाठीं प्रार्थना करूं लागला. पण ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या रुग्णालयांत त्यांचें देहावसान झालें. हिमास सीमा ठाऊक नसते. एप्रिल २०१२ मध्यें त्याच भागांत पाकिस्तानच्या गयारी येथील तळावर हिमस्खलन होऊन १४० माणसें गाडलीं गेलीं होतीं.

ज्ञान असलें म्हणजे धोका टळतोच असेंही नाहीं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी "द्रौपदी का डांडा" शिखराजवळ हिमस्खलनांत सांपडली. सत्तावीस मृतदेह हातीं आले. दोघे सांपडलेच नाहींत. फेब्रुवारी २०२३ मध्यें गुलमर्ग येथें स्की खेळावयास आलेले दोन पोलिश पाहुणे असेच दगावले.

आणि ज्ञान असून ऐकलें गेलें नाहीं तर काय होतें, त्याचें उदाहरण पहिल्या महायुद्धांतील आहे. इटलीच्या डोलोमाइट पर्वतांत मार्मोलादा शिखराखालीं ऑस्ट्रियन सैन्याच्या बराकी होत्या. शत्रूच्या तोफांपासून ती जागा सुरक्षित; पण वर हिमानें लादलेला उतार. तेथील अधिकाऱ्यानें जागा बदलण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांनीं ती नाकारली. १३ डिसेंबर १९१६ च्या पहांटे तो उतार सुटला व अडीचशेंहून अधिक सैनिक निजल्या जागींच गेले.

दहा मिनिटांचा हिशेब

हिमांत गाडलेला माणूस थंडीनें मरतो असा समज आहे. थंडीस फार वेळ लागतो. त्याआधीं श्वास कोंडतो. हिम थांबतांक्षणींच सिमेंटप्रमाणें आवळतें, बोटही हलवितां येत नाहीं, आणि श्वासाच्या वाफेनें तोंडाभोंवतीं बर्फाचें कवच धरतें. पुरता गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांच्या आंत बाहेर निघाला तर दहांतील नऊ वाचतात. अर्धा तास उलटला कीं दहांत तीन. सियाचीनवरील सहा दिवस हा अपवाद होता. तेथें तंबूंत राहिलेल्या हवेच्या पोकळीनें श्वास टिकला असें मानतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खालच्या गांवाहून मदत आणावयास धांवणारा सोबती मित्राचा जीव वांचवूं शकत नाहीं; जे जवळ आहेत त्यांनींच वांचवावयाचें. याकरितां प्रत्येकाजवळ तीन वस्तु असाव्या लागतात. एक, अंगावर बांधलेलें ट्रान्सीव्हर नांवाचें छोटें यंत्र; तें सतत रेडिओ-लहरी सोडीत असतें आणि शोध करणाऱ्याच्या यंत्रास दिशा व अंतर दाखवितें. दुसरी, जोडून लांब करतां येणारी सळई. ती हिमांत खुपसून माणूस नेमका कोठें आहे तें कळतें. तिसरें, फावडें. नुसत्या हातांनीं तें हिम उकरत नाहीं. तिन्हींचा सराव आधीं झालेला नसेल तर तीं केवळ ओझें होत.

स्वतः सांपडल्यास मोठ्यानें ओरडावें, काठ्या टाकून द्याव्या, कडेला निसटण्याची पराकाष्ठा करावी, आणि वेग मंदावूं लागतांच हात तोंडापुढें आणून श्वासापुरती पोकळी राखावी. सोबत्यांनीं तो शेवटीं दिसला ती जागा डोळ्यांनीं धरून ठेवावी, वरून दुसरी लादी येण्याजोगी नाहीं हें पाहावें, व तेथून खालीं शोध सुरू करावा. म्हणूनच शंकास्पद उतार ओलांडणें भाग पडलें तर एका वेळीं एकानेंच जावें. बाकीच्यांनीं सुरक्षित जागीं उभें राहून त्याच्यावर नजर ठेवावी. सगळे एकत्र गेले तर उकरावयास कोण उरणार?

यंत्रें नव्हतीं त्या काळीं हें काम कुत्र्यांनीं केलें. आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडींत अकराव्या शतकांत ख्रिस्ती साधूंनीं वाटसरूंसाठीं धर्मशाळा बांधली, आणि पुढें तेथें कुत्रे पाळले. त्यांतील बॅरी नांवाच्या कुत्र्यानें (१८०० ते १८१४) चाळीसांहून अधिक माणसें वांचविलीं अशी त्याची कीर्ति आहे. त्याचें शरीर बर्नच्या संग्रहालयांत जतन केलें आहे. चित्रांत अशा कुत्र्याच्या गळ्यांत लहान पिंप दाखवितात, ती मात्र चित्रकारांची कल्पना. त्याचें खरें साधन त्याचें नाक. शोधपथकें आजही कुत्रे बरोबर नेतात.

इशारा आणि पालकांचें कर्तव्य

आपल्या देशांत या विषयाच्या अभ्यासासाठीं १९६९ मध्यें मनाली येथें संरक्षण खात्याची खास संस्था स्थापन झाली. ती २०२० मध्यें दुसऱ्या एका प्रयोगशाळेशीं एक होऊन "डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट" या नांवानें चंडीगड येथून काम करूं लागली. हिवाळ्यांत ती डोंगरी जिल्ह्यांसाठीं हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध करते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं बदरीनाथजवळच्या माणा गांवीं रस्त्याचें काम करणारे ५४ मजूर हिमस्खलनांत सांपडले. सैन्य व इतर पथकांनीं ४६ जणांस वांचविलें, ८ जण गेले. आदल्या सायंकाळीं त्या जिल्ह्याच्या उंच भागासाठीं इशारा निघालेला होता. इशारा निघणें हें अर्धें काम. तो योग्य माणसाच्या कानीं जाणें आणि त्यानें पाऊल थांबविणें, हें उरलेलें अर्धें.

पालकहो, मुलास हिवाळी गिरिभ्रमणास पाठवूं नका असें मी म्हणत नाहीं. पाठविण्यापूर्वीं चार प्रश्न मात्र अवश्य विचारा. वाटाड्या त्या डोंगराचा माहीतगार व शिकलेला आहे काय? रोजचा हिमाचा व हवेचा इशारा कोण पाहतो? तीं तीन साधनें प्रत्येकाच्या अंगावर असतील काय, आणि त्यांचा सराव करून घेतला जाईल काय? आणि शेवटचा प्रश्न: परत फिरण्याचा निर्णय कोणाच्या हातीं आहे, व तो घेतल्यास त्यास कोणी दोष देईल काय? या चौथ्या प्रश्नाचें उत्तर अंशतः तुमच्याच घरीं आहे. मुलगा शिखराचें छायाचित्र न घेतां परत आला तर "एवढे पैसे वायां गेले" हें वाक्य तोंडून निघूं देऊं नका. पुढच्या वेळीं तेंच वाक्य आठवून तो उतारावर पाऊल टाकील.

राहतां राहिला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. त्याचें उत्तर आतां मी देऊं शकतों. होय, तुम्ही भ्यालां. पण उन्हाला नव्हे. दोन दिवसांचें नवें हिम, रात्रीचा पश्चिमेचा वारा, पूर्वेचा उतार, पायांखालचा आवाज आणि काठीपासून पळालेली भेग, या पांच गोष्टींचा मेळ घालून तुमचा वाटाड्या भ्याला, आणि जेथें भ्यावें तेथेंच भ्याला. त्याला तुमच्यापेक्षां अधिक दिसत होतें, एवढेंच.

वर्गांतला प्रयोग संपल्यावर ज्यानें फळ्यावर तीं अक्षरें लिहिलीं होतीं तो मुलगा पुढें आला. कोणी कांहीं बोललें नाहीं. सांडलेलें पीठ व साखर त्यानें गोळा केली, फळीवर पुन्हां थर दिले, आणि परत आलेल्या मित्राच्या हातीं ३० अंशांचा गुण्या देऊन म्हणाला, "तूं कोन मोज, मी फळी उचलतों."